काचेआडची कोळीण

गेल्या वर्षी लेकीकडे परदेशी गेले होते, तेव्हा नातीला घेऊन तिथल्या एका निसर्ग-संग्रहालयात मोठ्या कोळ्यांचं प्रदर्शन पाहिलं. दारातच काळोख, लाल दिवे आणि भुताच्या सिनेमासारखं संगीत. पहिल्याच काचेआड गोलिएथ जातीचा कोळी. पाय पसरले की जवळजवळ फूटभर, आपल्या भाकरीएवढा! पाटीवर 'जगातला सर्वांत वजनदार, पक्षी खाणारा'. लोक किंचाळत होते, फोटो काढत होते. नात माझ्या पदराआड लपली. कोळी मात्र जागचा हलला नाही.

मला राग आला तो पाटीचा. अशा कोळ्यांना 'पक्षी खाणारे' म्हणू लागले ते मारिया सिबिला मेरिअन या चित्रकार बाईच्या सुरिनामवरच्या १७०५ सालच्या पुस्तकातल्या एका चित्रावरून. खरं तर गोलिएथचं नेहमीचं खाणं किडे आणि गांडुळं, कधीमधी बेडूक. दक्षिण अमेरिकेच्या ओल्या जंगलात तो बिळात राहतो, रात्री बाहेर पडतो. या जातीत मादी नरापेक्षा कितीतरी वर्षं जास्त जगते, म्हणून प्रदर्शनात बहुतेक मादीच ठेवतात. ही कोळीणच होती. बघणाऱ्यांना दिसावी म्हणून तिला बीळच दिलं नव्हतं.

पुढच्या पेटीत एक निळाशार कोळी होता. पाटीवर नुसतं 'भारत'. अहो, हा तर गुत्तीचा! मुरारराव घोरपड्यांचा किल्ला आहे ती आंध्रातली गुत्ती. तिथल्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत तो सापडला आणि १८९९ साली पोकॉक यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. नंद्याळ-गिद्दलूरच्या जंगलात जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. झाडं तुटली, तसा तो नामशेष व्हायला टेकला. रंगासाठी मात्र जगभर हौसेनं पाळला जातो. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. यातलं एक अक्षर पाटीवर नव्हतं.

आपण पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले. त्यात बंध येतो, वधाच्या जोडीनं. चार इंद्रियांच्या जीवालाही तो लागू आहेच की. पण बायांनो, खरं सांगते, ती काच नसती तर आपल्या शेजारच्या मुलखातला हा जीव मला जन्मात दिसला नसता. तेव्हा प्रदर्शनं सरसकट बंद करा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोंडायचंच असेल तर त्या बदल्यात बघणाऱ्याला काहीतरी कळलं पाहिजे. इथे आम्हाला नुसतं घाबरवून पाठवलं. घाबरलेला माणूस घरी जाऊन झाडू उचलतो.

बाहेर पडताना नातीनं विचारलं, "आजी, तिला लपायला जागा का नाही?"

अभिप्रायाच्या वहीत मी मराठीतच लिहिलं, 'मोठीला बीळ द्या. निळ्याच्या पाटीवर गुत्तीचं नाव घाला.' खाली लेकीनं इंग्रजीत उतरवून दिलं.