इलेक्ट्रॉनिक संगीताची नगर-मार्गदर्शिका : एक चिकित्सक विचार
(डेट्रॉइट, पुणे व आहुपे यांच्या संदर्भात)

एखाद्या शहरातील इलेक्ट्रॉनिक संगीताची स्थानिक मार्गदर्शिका हा लेखनप्रकार गेल्या काही दशकांत सर्वत्र रूढ झाला आहे. कोणत्या क्लबमध्ये कोणत्या रात्री कोण वाजवितो, तबकड्या कोठे मिळतात, महोत्सव कोणत्या महिन्यात भरतो, प्रवेशमूल्य किती, अशी त्याची मांडणी असते. उपयोग संपला की टाकून द्यावयाचे लेखन म्हणून समीक्षेने त्याच्याकडे पाहिलेले नाही. तथापि कोणाचा नाद 'संगीत' म्हणून नोंदला जाईल आणि कोणाचा 'गोंगाट' म्हणून पोलिसांच्या दप्तरात जाईल, याचा निवाडा अशीच एखादी पुस्तिका नकळत करून टाकते. त्यामुळे या लेखनप्रकाराची चिकित्सा आवश्यक ठरते.

मराठीला नगरवर्णन नवे नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' 1863 मध्ये आणि ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' 1868 मध्ये प्रसिद्ध झाले. माडगांवकरांनी शहर सांगताना बाजार, धंदे, जातीजमाती, देवळे, सण, छापखाने यांना एकाच ग्रंथात जागा दिली. कोणती गोष्ट शिष्ट आणि कोणती अशिष्ट, या चाळणीने त्यांनी शहर फारसे गाळले नाही. आजची संगीत-मार्गदर्शिका मात्र चाळणीपासूनच आरंभ करते. जेथे तिकीट आहे तेथे संगीत आहे, हे तिचे अलिखित गृहीतक होय.

हे गृहीतक ज्या शहराच्या बाबतीत सर्वांत आधी कोलमडते ते अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील डेट्रॉइट. टेक्नो या संगीतप्रकाराचे जन्मस्थान म्हणून त्याचा उल्लेख होतो. परंतु हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघे कृष्णवर्णीय तरुण एकत्र आले ते शहराबाहेरील बेलव्हिल या लहान गावातील शाळेत. त्यांचा कान घडविला तो क्लबने नव्हे, रेडिओने. 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने ओळखला जाणारा निवेदक जर्मनीच्या क्राफ्टवर्कचे यंत्रसंगीत आणि अमेरिकन फंक एकाच रात्री ऐकवीत असे. अ‍ॅटकिन्सने 1985 मध्ये 'मेट्रोप्लेक्स' ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. या संगीताला 'टेक्नो' हे नाव जगभर चिकटले ते मात्र 1988 मध्ये लंडनहून निघालेल्या एका संकलनामुळे. म्हणजे गाव बाहेरचे, शाळा रेडिओची आणि बारसे परदेशात! केवळ क्लबांची यादी करणाऱ्याला डेट्रॉइटचे मर्म सापडणे कठीण. मोटार-कारखाने, ओस पडत गेलेली वस्ती, रात्रीचा रेडिओ यांची नोंद जी मार्गदर्शिका करील तीच त्या शहराला न्याय देईल.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये भैरव, ललत, यमन, मालकंस आदी दहा राग रोलंड कंपनीच्या यंत्रांवर डिस्को ठेक्यात बसवून एक तबकडी काढली. तिच्यात टीबी-303 हे यंत्र होते. याच यंत्राच्या नादावर उभा राहिलेला शिकागोचा 'अ‍ॅसिड हाउस' 1987 मध्ये तबकडीवर आला. चरणजितांची तबकडी खपली नाही, विसरली गेली आणि 2010 मध्ये युरोपातून पुनःप्रकाशित झाल्यावर एकाएकी 'अग्रदूत' ठरली. मुंबईची त्या काळची कोणतीही मार्गदर्शिका तिची नोंद करू शकली नसती, कारण ती तबकडी कोणत्याही 'सीन'चा भाग नव्हती. यातील चमत्कृतीवर पाश्चात्त्य लेखकांनी भरपूर लिहिले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्याकडे यंत्रनाद प्रथम रुजला तो नोकरीपेशा वादकांच्या हातून, स्वतःला कलावंत म्हणून मिरविणाऱ्यांच्या नव्हे.

पुण्याची मार्गदर्शिका कोणी लिहावयास घेतली तर तिच्यातील ठळक नोंदी ठरलेल्या आहेत. 2010 मध्ये कोरेगाव पार्क परिसरात सुरू झालेला एनएच7 वीकेंडर, 2007 मध्ये गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यावर सुरू झालेला व 2016 मध्ये पुण्याजवळच्या केसनंदला आलेला सनबर्न, शिवाय काही क्लब. या नोंदी चुकीच्या नाहीत. पण पुणे जिल्ह्यात सर्वाधिक लोक ज्या इलेक्ट्रॉनिक नादावर नाचतात तो या यादीत नसतो. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वा ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीतून येतो. पुण्याकडे त्याला डीजे म्हणतात, सातारा-कोल्हापूरकडे 'डॉल्बी'. या नावाची गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने कीर्ती मिळविली ती टेपवरील खरखर कमी करण्याच्या तंत्राबद्दल. मराठी मुलखात तेच नाव काचा हादरविणाऱ्या आवाजाचे झाले.

या भिंतीमागे एक परंपरा आहे. मुंबईच्या गिरणगावातील 'बेंजो' हे वाद्य मूळचे जपानी तैशोगोतोचे भारतीय रूप, म्हणजे बुलबुलतरंग. त्याला विजेची जोड मिळाली, पुढे की-बोर्ड आला, ऑक्टोपॅड आला आणि बेंजो पार्टी हे गणपतीच्या मिरवणुकीचे अंग बनले. कोळीगीते, भीमगीते, लोकगीते या वाद्यमेळात नव्या ठेक्याने वाजू लागली. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांची जी डीजे-रूपे वाजतात ती मराठीतील इलेक्ट्रॉनिक संगीताचा फार मोठा भाग आहेत. तरीही 'इलेक्ट्रॉनिक संगीत' हा शब्द उच्चारताच सुशिक्षित मराठी मनासमोर गोव्याचा किनारा येतो, मिरवणूक येत नाही. 'न्यूक्लिया' या नावाने वाजविणाऱ्या कलावंताने 2015 च्या 'बास रानी'त रस्त्यावरचे हेच ठेके घेतले तेव्हा ते मार्गदर्शिकांत दाखल झाले. मूळ वाजविणारे बाहेरच राहिले.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे याचे आणखी एक रूप दिसते. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. यात्रांच्या हंगामापूर्वी येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात. आज फडात ढोलकीच्या शेजारी की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड असतो. लोककलेच्या अभ्यासकाला तो प्रदूषण वाटतो, तर इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अभ्यासकाला तो दिसतच नाही. दोघांच्या मधल्या फटीत तो वादक उभा आहे.

अर्थात या नादाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. स्पीकरांची भिंत तिच्या कितीतरी पुढे जाते, आणि त्याची किंमत वृद्ध, रुग्ण, तान्ही मुले व त्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणारे तरुण देतात. 2018 च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीत डीजेला अंतरिम परवानगी नाकारली, ती योग्यच होती. हलगी व सनई वाजविणाऱ्या कुटुंबांची सुपारी याच भिंतीने हिरावली, हेही विसरता येत नाही. मात्र ढोल-ताशा पथकाचा आवाज 'संस्कृती' आणि डीजेचा आवाज 'विकृती' असे जे सहज बोलले जाते, त्यात डेसिबलपेक्षा वाजविणाऱ्याच्या वस्तीचा हिशेब अधिक असतो. पथकांचा आवाजही मर्यादेत बसतोच असे नाही.

मार्गदर्शिकेची खरी कसोटी लागते ती तिच्या नकाशाच्या कडेला. आंबेगाव तालुक्यातील आहुपे ही पुणे जिल्ह्याची अशीच एक कड होय. डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर, महादेव कोळ्यांचे हे गाव आहे. अभ्यासकांना ते परिचित आहे ते देवराईसाठी, हिरड्यासाठी आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटेसाठी. संगीताच्या संदर्भात अशा गावाचे नाव आलेच तर 'आदिवासी लोकगीते' या सदरात येते. या वर्गीकरणात एक अन्याय दडलेला आहे. या डोंगरपट्ट्यातील माणसे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजारात येतात, यात्रा पाहतात, वराती पाहतात. त्यांचा कान देवराईच्या शांततेत थिजलेला नाही. लोकसंगीताची यादी त्यांना भूतकाळात ठेवते आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची यादी त्यांना श्रोता मानतच नाही. बेलव्हिलच्या मुलांचे ऐकणे जर इतिहास होऊ शकते, तर सह्याद्रीच्या माथ्यावरील तरुणाचे ऐकणे नोंदण्याजोगे का नसावे? तुलना शब्दशः घेऊ नये. बेलव्हिलच्या मुलांच्या हाती यंत्रे होती, येथे बहुधा केवळ ऐकणे आहे. पण माडगांवकरी वृत्तीच्या मार्गदर्शिकेला ऐकणारा हाही वाजविणाऱ्याइतकाच विषय असतो.

अशा मार्गदर्शिकेत क्लबच्या पत्त्याबरोबर स्पीकरची भिंत रचणारा सुतार, जनित्र सांभाळणारा माणूस, एका वरातीचे ऑपरेटरला मिळणारे पैसे, पावसाळ्यात बेंजोवादक काय करतो आणि मिरवणुकीच्या मार्गावरील रुग्णालयाची तक्रार, या सर्वांना नोंद मिळावी लागेल. मेमरी कार्डांवर फिरणारी, निर्मात्याचे नाव नसलेली मिश्रणे जतन करावी लागतील, कारण कॅसेटच्या काळातील अशा कितीतरी गोष्टी आजच दुर्मीळ झाल्या आहेत. हे काम महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे, पण त्याचा हंगाम अडचणीचा आहे. राहुट्या, यात्रा आणि लग्नसराई यांचा भर चैत्र-वैशाखात असतो, आणि नेमक्या त्याच वेळी विद्यापीठाच्या परीक्षा चालू असतात.