सीमन डॅन : पाणबुड्याचे गाणे

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस थर्सडे बेटावर १९२९ साली जन्मलेले हेन्री गिब्सन ऊर्फ सीमन डॅन २०२० साली निवर्तले. टोरेस सामुद्रधुनीच्या मूळ रहिवाशांपैकी या पाणबुड्याने मोत्यांचे शिंपले काढण्यात उमेद घालविली. पहिली ध्वनिमुद्रिका सत्तरीच्या सुमारास निघाली. २००४ व २००९ साली त्यांस ‘एरिया’ पारितोषिके लाभली. त्यांच्या गाण्यांत हवाईचे हूला, जाझ व ब्लूज मिसळले आहेत. मग त्यांत बेटाचे स्वतःचे ते काय, असा आक्षेप संभवतो. आम्हांस तो मान्य नाही. शिंपल्यांच्या धंद्याने त्या बंदरात नाना देशींचे खलाशी आणले. त्यांचे सूर बेटाच्या अंगवळणी पडले. मात्र त्यांचा मृदू स्वर खोल पाण्यातील मरणभय कधी कधी फारच गोड करून टाकतो, हेही सांगितले पाहिजे. तथापि आधी जगणे व मग गाणे हा त्यांचा क्रम. त्यांच्या गाण्याचे बळ आम्ही त्यातच मानतो.