सिंधूच्या मांडीवरील मूल

राम गणेश गडकरी ह्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आम्हां मराठी मंडळींना नेहमीच अभिमानाची वाटत आली आहे. नाटककार २३ जानेवारीसच सावनेर येथे निवर्तले होते. आपल्या ह्या कृतीचा प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचली आणि गंधर्व नाटक मंडळीने नाटक उभे केले. बालगंधर्वांची सिंधू व गणपतराव बोडसांचा सुधाकर ह्यांच्या कथा ज्यांनी ते प्रयोग कधीच पाहिले नाहीत त्यांनाही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून पाठ झाल्या. ह्यास आता शंभराहून अधिक वर्षे लोटली.

ह्या काळात नाटकावर विपुल लिहिले गेले आहे. सुधाकराचा अधःपात त्याच्या मानी स्वभावातून होतो की तळीरामाच्या संगतीने, सिंधूचे पातिव्रत्य हा गुण की अतिरेक, तळीरामाचा विनोद शोकरसाला पोषक की मारक, नाटक हे शोकनाट्य मानावे की मद्यपाननिषेधाचे प्रचारसाधन, हे सर्व प्रश्न आपल्या टीकाकारांनी तपशिलाने चर्चिले आहेत. त्या चर्चेचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तिच्यात एका जिवाची दखल आम्हांस फारच थोडी आढळली. तो जीव बोलत नाही, त्याला स्वगत नाही, त्याला पद नाही. आणि प्रेक्षकाच्या स्मरणातही तो ‘बाळ’ एवढ्याच नावाने उरला आहे. आम्ही सिंधूच्या तान्ह्या मुलाविषयी बोलत आहोत.

नाटकाच्या शेवटी ह्या घरातील तीन जीव जातात. टीकाग्रंथांत मात्र शोक दोघांचाच होतो. मुलाचा मृत्यू हा सुधाकराच्या पतनाचा शेवटचा पुरावा म्हणून, किंवा सिंधूच्या क्षमाशीलतेची शेवटची कसोटी म्हणून उल्लेखिला जातो. तो स्वतः एक मृत्यू आहे, त्याला स्वतःची कारणपरंपरा आहे, आणि ती गडकऱ्यांनी फार बारकाईने दाखविली आहे, हे आमचे म्हणणे आहे.

ती कारणपरंपरा पाहावी. वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्याने दुखावलेला सुधाकर तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो. त्या क्षणी मुलाशी ह्या गोष्टीचा काही संबंध आहे असे कोणालाच वाटत नाही. पुढे मिळकत आटते, घरातील स्वास्थ्य जाते, प्रतिष्ठा जाते. श्रीमंतांघरची लेक दुसऱ्यांचे दळण दळू लागते. ह्या उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर आपण सुधाकराकडे पाहतो, सिंधूकडे पाहतो. मात्र प्रत्येक पायरीवर मुलाच्या वाटीतील दूध कमी होत असते. दारूची किंमत पिणारा गुत्त्यात चुकती करतो असे दिसते. खरा हिशेब घरात, चुलीपाशी लिहिला जातो. हे गडकऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच दळणाऱ्या सिंधूच्या शेजारी त्यांनी ते मूल ठेवले आहे. सुधाकराच्या हातून अखेरचा आघात होतो तेव्हा मूल मरते, हे शब्दशः खरे. परंतु त्याआधी कितीतरी दिवस ते थोडे थोडे मरतच असते. अशा मृत्यूत आघात शेवटी येतो, उपेक्षा आधी येते. नाटककाराचे हे निरीक्षण आजही कोणत्याही बालरोगतज्ज्ञास मान्य व्हावे असे आहे.

मग ते आपल्या नजरेस का आले नाही? ह्याचे एक कारण रंगभूमीच्या प्रथेत आहे. बाळाला घास भरवितानाचे सिंधूचे पद लोकप्रिय झाले, घरोघरी पोहोचले, आणि ‘वन्समोअर’च्या गजरात त्या घासामागची भूक हरवून गेली. सुराने डोळे ओले झाले. पण ते गायिलेल्या दुःखासाठी. दुसरे कारण अधिक खोल आहे, व त्याची जबाबदारी काही अंशी नाटककारावरही येते.

माहेरचे काही घेणार नाही, हे पतीला दिलेले वचन सिंधू प्राणपणाने पाळते. तिचा भाऊ पद्माकर संपन्न आहे, सर्व काही देण्यास तयार आहे. रामलालसारखा विद्वान स्नेही जवळ आहे. ह्या सर्वांना मुलाची अवस्था दिसत असते. तरीही सारे जण त्या वचनापुढे हतबल होतात, आणि प्रेक्षकही ते वचन पवित्र मानून तिच्या त्यागापुढे नतमस्तक होतो. आमचा प्रश्न साधा आहे. वचन सिंधूने दिले होते, मुलाने नव्हे. आईच्या व्रताचा उपास तान्ह्या मुलाला घडावा, ही गोष्ट कोणत्या धर्मात बसते? नाटकातील एकही पात्र हा प्रश्न मोठ्याने विचारीत नाही. मुलाच्या मृत्यूनंतर फौजदार चौकशीस येतो, तेव्हा स्वतः घायाळ झालेली सिंधू खोटे सांगून पतीला वाचवू पाहते. हा प्रसंग पातिव्रत्याचा कळस म्हणून वाखाणला गेला आहे. तो तसा असेलही. पण त्याच क्षणी त्या मुलाचा एकुलता एक साक्षीदार त्याच्या विरुद्ध जबानी देत असतो, हेही तितकेच खरे आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आजच्या कायद्याचे माप १९१९ च्या कलाकृतीस लावणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप आम्ही अंशतः मान्य करतो. नवरा गेला तर तिला आधार कोठला, घर सोडून तिने जावे कोठे, ह्याचे उत्तर त्या काळच्या समाजाजवळ नव्हते. म्हणूनच आमचा दोष सिंधूकडे नाही. ज्या समाजाने तिला खोटे बोलण्यावाचून मार्ग ठेवला नाही आणि मग त्याच खोट्याची पूजा केली, त्याच्याकडे आमचे बोट आहे. दुसरा आक्षेप असा की, सुधाकर अखेर दारूत विष घेऊन स्वतःस शासन करतो, न्याय झाला. आम्हांस तसे वाटत नाही. पश्चात्तापाने मेलेला बाप हा शोकनाट्याचा नायक होऊ शकतो. त्याने मुलाचा न्याय होत नाही. न्याय व्हावयाचा तर तो मूल जिवंत असताना, त्याची वाटी रिकामी झाली त्या दिवशी व्हावयास हवा होता.

येथे तुलनेसाठी एका परदेशी कृतीचा उल्लेख करणे उचित होईल. एमिल झोला ह्यांच्या ‘लासोम्वार’ (१८७७) ह्या पॅरिसच्या कष्टकरी वस्तीवरील कादंबरीत बिजार नावाचा मद्यपी आहे. त्याच्या लाथेने पत्नी मरते; आणि आठ वर्षांची लाली आईच्या जागी उभी राहून धाकट्या भावंडांचे घर चालविते. पुढे बापाच्या माराने तीही मरते, आणि मरतानाही तिला धाकट्यांची काळजी असते. झोलांची कला गडकऱ्यांच्या भाषावैभवापुढे रुक्ष वाटेल. परंतु त्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी मुलीला नाव दिले, काम दिले, आणि वाचकाची मान धरून तिच्याकडे पाहावयास लावले. शेजाऱ्यांना सारे दिसत होते, हेही त्यांनी लपविले नाही. लाली आपल्या बापाच्या व्यसनाचे दृष्टान्तरूप होऊन उरत नाही. ती लालीच राहते. आमच्या नाटकातील बाळ मात्र बापाच्या व्यसनाचा दृष्टान्त होऊन राहिले.

आता जरा आपल्या प्रदेशाकडे वळू. माळव्यात राहणाऱ्यांस नशा म्हणजे केवळ दारू असे म्हणून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकात होळकर व शिंदे ह्यांच्या मुलखातील अफू इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांतून मुंबईस व तेथून चीनला जाई. आपल्या शहरांचे कितीतरी वैभव त्या व्यापारावर उभे राहिले. पाहुण्यास कसुंबा देण्याची चाल ह्या भागात प्रतिष्ठेची होती. आजही मंदसौर व नीमच ह्या जिल्ह्यांत परवान्याने खसखशीचे पीक घेतले जाते, आणि केंद्रीय अमली पदार्थ विभागाचे मुख्यालय ग्वाल्हेरासच आहे. ह्या अफूचा एक कण तान्ह्या मुलांच्या तोंडीही जात असे. तिला ‘बाळगोळी’ असे गोड नाव होते.

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया पाळीवर जाताना मूल निजून राहावे म्हणून ही गोळी देत. डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास ह्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा शंभरातील अठ्ठ्याण्णव अर्भकांना अफू दिली जात असल्याचे नोंदविले गेले. म्हणजे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर येऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती. अफूने मूल निजते; पण त्याचबरोबर त्याची भूक मरते, ते दुधासाठी रडत नाही, म्हणून त्यास दूध मिळत नाही, आणि ते वाळत जाते. मात्रा थोडी अधिक झाली तर श्वासच मंदावून थांबतो. सुधाकराच्या घरातील मूल रडत तरी होते. बाळगोळीचे मूल रडतही नाही. त्याची उपेक्षा शांततेच्या रूपाने येते आणि म्हणूनच ती कोणास दिसत नाही.

ह्या आईला आपण व्यसनी म्हणू शकत नाही. बहुधा निर्दयही म्हणू शकत नाही. तिला पाळणाघर नव्हते, सुटी नव्हती, आणि घरी मूल सांभाळणारे माणूस नव्हते. तिची शोकान्तिका सिंधूच्या शोकान्तिकेहून लहान नाही. तरीही, अफूने निजविलेले मूल मध्यवर्ती ठेवून लिहिलेले एकही मराठी नाटक आमच्या वाचनात आलेले नाही. पांढरपेशा घरातील वकिलाच्या दारूने मराठी रंगभूमीला तिचे एक श्रेष्ठ नाटक दिले. चाळीतल्या गोळीने तसे काही दिले नाही. साहित्याची करुणा कोणत्या घराच्या उंबरठ्याशी थांबते, हे ह्यावरून कळते.

येथे एक अनुभव सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील शाळेत सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या हजेरीपुढे वर्गशिक्षकांनी ‘वारंवार गैरहजर’ असा शेरा मारला होता, आणि त्याखाली आम्हीच सही केली होती. पालकांस दोनदा चिठ्ठी गेली. उत्तर आले नाही. तिचा बाप नशेत असे, आई कामास जाई, आणि ती घरी लहान भावाला सांभाळीत असे, हे आम्हांस पुढे कळले. त्या हिवाळ्यात तो मुलगा गेला. मुलगी पुन्हा शाळेत आली तेव्हा स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती, आणि मोठ्या वर्गातील मुले ‘एकच प्याला’तील प्रवेश बसवीत होती. ती दाराशी उभी राहून पाहत होती. आम्ही तिला आत बोलाविले नाही. काय बोलावे हेच आम्हांस सुचले नाही. ज्या नाटकावर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली होती, त्याचा शेवटचा अंक आमच्या हजेरीपुस्तकात लिहिला जात होता आणि आम्हांस तो वाचता आला नव्हता.

म्हणून आमचे लिहिणे केवळ वाङ्मयीन उणिवेपुरते नाही. हे नाटक वाचणारा आणि शिकविणारा वर्ग प्रामुख्याने आपला, शिक्षकांचा आहे. परीक्षेत ‘सिंधूचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न आपण पिढ्यान् पिढ्या विचारीत आलो. त्याच्या जोडीला ‘ह्या मुलाला कोण, केव्हा वाचवू शकले असते?’ असा प्रश्न विचारून पाहावा. विद्यार्थी पद्माकराविषयी, रामलालविषयी, शेजाऱ्यांविषयी बोलू लागतील. आणि वर्गात एखादे असे मूल असेल की ते काहीच बोलणार नाही. त्याच्याकडे लक्ष असावे. सिंधूजवळ जो मार्ग नव्हता तो आज काही अंशी आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७५ व्या कलमाने ताब्यातील मुलाची क्रूर उपेक्षा करणे, आणि ७७ व्या कलमाने वैद्यकीय आदेशावाचून मुलास दारू वा अमली पदार्थ देणे, हे गुन्हे ठरविले आहेत. १०९८ हा मुलांच्या साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक मुख्याध्यापकाच्या टेबलावर लिहिलेला असावा. अर्थात शिक्षा हा शेवटचा उपाय होय. व्यसनी बापास उपचार, कामकरी आईस पाळणाघर आणि मोठ्या बहिणीस तिची शाळा, ही त्रयी आधी हवी.

गडकऱ्यांविषयीचा आमचा आदर ह्या विवेचनाने कमी झालेला नाही. उलट वाढला आहे. टीकाकारांनी न पाहिलेले मूल त्यांनी पाहिले होते, जात्याशेजारी ठेवले होते, त्याची भूक दाखविली होती. त्याच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, हीही त्या घराची आणि त्या समाजाची खरी हकीकतच होती. पुढच्या प्रयोगास आपण जाल, तेव्हा सिंधूच्या मुखाकडे पाहता पाहता एकदा तिच्या मांडीकडेही पाहावे, एवढीच विनंती. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर हजेरीपुस्तक उघडून, ज्या नावापुढे वारंवार गैरहजेरी लागली असेल, त्या घरी चिठ्ठी न पाठविता स्वतः जावे.