सांगाडा मोठा, जबडा बोलका

हैदराबादेत पाहुणे आले की नौबत पहाडावरच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात चक्कर होतेच आणि तिथल्या कोटासॉरसपुढे फोटोही निघतो. हा सांगाडा शहराचं वैभव आहे, यात वाद नाही. पण आपण वारसाप्रेमी मंडळी त्याच्याविषयी जे लिहितो-बोलतो, ते जरा तपासून पाहायला हवं. ‘आपला डायनोसॉर’ आणि ‘केवढा मोठा’ यापुढे आपली गाडी सहसा सरकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, समोर उभा दिसतो तो एकच प्राणी असं आपण धरून चालतो. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीला सुमारे 840 हाडं मिळाली, तीही किमान 12 प्राण्यांची. कवटी मिळालीच नाही, मिळाले ते फक्त दोन दात. पी. यादगिरी यांनी 1988 साली या प्राण्याला नाव दिलं, ते या सगळ्या हाडांच्या अभ्यासावरून. म्हणजे सांगाडा खरा, पण जुळवलेला; आणि डोकं हे अनुमान. असं सांगितल्याने त्याची शान कमी होत नाही, उलट अभ्यासकांचे कष्ट दिसतात.

दुसरी गोष्ट ‘आपला’ या शब्दाची. कोटासॉरसमधलं ‘कोटा’ हे गाव प्राणहितेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात आहे. त्याच गावावरून खडकांच्या थराला ‘कोटा’ नाव पडलं आणि थरावरून प्राण्याला. गाव महाराष्ट्रात, हाडं तेलंगणात. आज नदी सीमा झाली आहे, पण थर दोन्ही काठांना तोच. तेव्हा हा डायनोसॉर कोणत्या राज्याचा, हा वादच फुकटचा.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. आकाराच्या कौतुकात आपण लहान जीवाश्मांकडे पाहतच नाही. याच खोऱ्यात कोटाच्या खाली, म्हणजे त्याहून जुना, मलेरीचा थर आहे. त्यात हायपेरोडापेडॉन नावाच्या प्राण्याचे जबडे मिळतात. चोचीसारखं तोंड, दातांच्या ओळी, पाला खाणारा, ठेंगणा, जड अंगाचा. दिसायला काही खास नाही. पण त्याच वंशाचे प्राणी स्कॉटलंडच्या एल्गिन भागात मिळाले, ब्राझील आणि अर्जेंटिनातही मिळाले. असला जमिनीवरचा प्राणी महासागर पोहून जाणार कसा? सरळ उत्तर असं, की तेव्हा मध्ये महासागर नव्हताच. सगळी भूमी एकत्र होती.

इथे आपल्या आणखी एका आवडत्या वाक्याला धक्का बसतो. ‘गोंडवन’ हे नाव गोंडांच्या मुलखावरून भूविज्ञानात गेलं, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण स्कॉटलंड गोंडवनात येत नाही. मलेरीच्या जबड्याचं नातं त्याहून मोठ्या खंडाशी, पँजियाशी आहे. केवळ गोंडवनाचा जयघोष करून थांबलो, तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं.

हे सगळं कळतं ते हाड कुठल्या गावाला, कुठल्या थरात मिळालं याची नोंद असते म्हणून. ती नोंद गेली की जबडा म्हणजे नुसता दगड. म्हणूनच सहलीत सापडलेला तुकडा उचलून शोकेसमध्ये ठेवणं हे वारसाप्रेम नव्हे. आपण शिलालेखाची जागा बदलली तर हळहळतो. जीवाश्माच्या बाबतीतही तोच नियम. तुकडा जागेवरच राहू द्यावा, फोटो काढावा, गाव आणि ठिकाण टिपून ठेवावं आणि भूवैज्ञानिकांना कळवावं.

कोटासॉरस जरूर पाहावा. पण पाहुण्यांना दाखवताना मलेरीच्या त्या ठेंगण्या प्राण्याचंही नाव घ्यावं. जगाचा जुना नकाशा सांगण्यात त्याचा वाटा मोठा आहे.