स्मरणिकेत न आलेली माणसे

स्थलांतरित समाजाचा इतिहास आपल्याकडे बहुधा स्मरणिकेत लिहिला जातो. मंडळाला पंचवीस किंवा पन्नास वर्षे झाली की ती निघते. आरंभी महागुरुस्वामींचा संदेश, मग अध्यक्षांचे मनोगत, आजवरच्या पदाधिकाऱ्यांची यादी, सभागृहाच्या पायाभरणीचे छायाचित्र आणि शेवटी देणगीदारांच्या जाहिराती. आम्ही या पुस्तिका आवडीने वाचतो, जपूनही ठेवतो. कामरगावासारख्या वऱ्हाडातील गावी राहणाऱ्यास मुंबई-पुण्याच्या ख्रिस्ती मंडळांची ओळख प्रत्यक्ष भेटीपेक्षा अशा छापील पानांतूनच अधिक होते. परंतु पुस्तिका मिटल्यावर मन भरत नाही. कोणत्या वर्षी खजिनदार कोण होते हे कळते. ही माणसे गाव सोडून का आली, आली तेव्हा निजली कोठे आणि बरोबर काय घेऊन आली, हे कळत नाही.

मुंबईतील गोवेकरांचे कूड घ्या. (आमच्याकडे कूड म्हटले की पऱ्हाट्यांची लिंपलेली भिंत आठवते, कोंकणीत कूड म्हणजे खोली.) एकेका गावाच्या लोकांनी धोबी तलाव, माझगाव अशा वस्त्यांत मिळून खोल्या घेतल्या. जहाजावर चाकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे आपली पेटी ठेवी आणि जमिनीवर पथारी टाकी. खोलीत वेदी असे, संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होई, गावच्या आश्रयदात्या संताचा सण साजरा होई. वर्गणी थोडी, नियम पुष्कळ. आमच्या मते स्थलांतरितांच्या संस्थेचे खरे रूप हेच: आधी निजण्यास जागा, मग प्रार्थना आणि त्यानंतर कधीतरी घटना व अध्यक्ष. स्मरणिका हा क्रम उलटा करते. शिवाय बहुतेक कूड पुरुषांचे होते. गोव्याहून मुंबईस दाया व स्वयंपाकिणी म्हणून आलेल्या स्त्रिया कोठे राहिल्या, याचा शोध कोणत्याही वर्धापनदिनाच्या लेखात सापडणे कठीण.

दुसरे एक मौन अधिक अवघड आहे. मंडळ स्थापन होते तेव्हा ते कोणाला जवळ करते तसे कोणाला तरी बाहेरही ठेवते. मुंबई आणि उत्तर कोकणातील मूळच्या मराठीभाषक कॅथॉलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेऊन आपली संघटना उभारली. गोवा आणि मंगळूर येथून आलेले धर्मबंधू सरकारी व कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी स्पर्धेत उतरले होते आणि त्यांच्यापासून आपले वेगळेपण दाखविणे भूमिपुत्रांस आवश्यक वाटले. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांत नोकरीवरून हा दुरावा आला. त्यात लपविण्यासारखे काय आहे? तो प्रांजळपणे मांडला तर दोन्ही बाजूंच्या पोटाची चिंता वाचकाच्या ध्यानी येईल. ‘समाजाच्या सर्वांगीण उन्नतीसाठी स्थापना झाली’ या वाक्याने मात्र काहीच ध्यानी येत नाही.

स्थलांतरिताने बरोबर काय आणले, या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर मराठी साहित्यातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे स्वतः परदेशी. इंग्लंडमध्ये कॅथॉलिकांवर कठीण दिवस आले असताना येशूसंघात गेले आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे नसल्याने मराठी ओवी रोमन अक्षरांत उतरली. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मानच काढले.

मग ग्रंथ वाचला कसा? इन्क्विझिशन, दुष्काळ आणि लढायांच्या धामधुमीत गोवा सोडून कानडा प्रांतात गेलेल्या कुटुंबांनी तो नकलून ठेवला. या लोकांची घरातली बोली कोंकणी. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने त्यांना श्रीरंगपट्टणास बंदी करून नेले. सुटका झाली ती १७९९ मध्ये. एवढ्या वाताहतीनंतरही मंगळूरच्या बाजूस हस्तलिखिते शिल्लक राहिली आणि त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरात ग्रंथ पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडेन संग्रहातले देवनागरी हस्तलिखित विद्वानांपुढे आले ते त्यानंतर. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली ती १९५६ मध्ये. म्हणजे मराठीतला हा ग्रंथ मराठीच्या मुलखाबाहेर, मराठी न बोलणाऱ्या परागंदा घरांनी सांभाळला आणि मग आपल्याला परत दिला. त्या नकलाकारांत पदाधिकारी कोण होते, हे विचारण्याचे कोणास सुचणार नाही.

संस्था निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परगावी जमलेल्या माणसांनी नवेही पुष्कळ निर्माण केले. कोंकणीतले पहिले नियतकालिक ‘उदेंतेचें साळक’ १८८९ मध्ये गोव्यात नव्हे, पुण्यात निघाले. पहिला तियात्र ‘इटालियन भुरगो’ १८९२ मध्ये मुंबईत रंगला. माणसे एकत्र राहिली म्हणूनच वाचक आणि प्रेक्षक मिळाले. स्मरणिकेच्या संपादकांनी हे सांगावे, एवढीच आमची मागणी. कूडाची वर्गणीवही, घरातील आजीच्या हातची गीतांची वही, गावाहून आलेली पत्रे यांतील चार पाने जाहिरातीच्या चार पानांऐवजी छापता येतात. आज अशा वह्या घर बदलताना रद्दीत जातात, आणि रोमन अक्षरांतली जुनी प्रार्थना वाचू शकणारी पिढी संपत चालली आहे.

कामरगावच्या वाचकास उदाहरणासाठी मंगळूरपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्याच तालुक्याच्या गावी, कारंज्यात, राजस्थानातून आलेल्या बघेरवाल जैनांची जुनी वस्ती आहे. तेथील मंदिरांच्या भांडारांत पोथ्या शतकानुशतके बासनात बांधून ठेवलेल्या होत्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत या भांडारांची संपत्ती नोंदली गेली. आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी कारंजा ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील ग्रंथ संपादून काढले. अशा जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलाकार पुष्कळदा साल, गाव आणि ती कोणासाठी लिहिली हे नोंदवून ठेवी. आमच्या संग्रहातील स्मरणिकांत छायाचित्राखाली ‘बसलेले, डावीकडून’ म्हणून पुरुषांची नावे आहेत. मागे उभ्या असलेल्या स्त्रियांची नाहीत.