मीठ गेले कुठे?

सांडपाण्यातील जिवाणू खारे पाणी गोड करतात आणि वीजही देतात, हे वाचून विद्यार्थी हरखतात. दावा खोटा नाही, अपुरा आहे. २००९ साली चिनी व अमेरिकी संशोधकांनी तीन कप्प्यांच्या घटात सुमारे ९० टक्के क्षार काढून दाखवले. मात्र जिवाणूंचे खाद्य सांडपाणी नव्हते, ॲसिटेट होते.

जिवाणू अन्नातील इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडला देतात. प्रवाह सुरू होतो आणि मधल्या कप्प्यातील सोडियम व क्लोराईड आयन पटलांतून दोन बाजूंना ओढले जातात. म्हणजे मीठ नाहीसे होत नाही, शेजारच्या कप्प्यांत जाते. सोलापूरला समुद्र नाही. ते खारे पाणी सोडायचे कुठे, नदीत की शेतात? वर्गात हा प्रश्न आधी विचारावा.