चवड्यापाशी मागे वळलेले दोर

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, यूजीनच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात काही वहाणा जपून ठेवल्या आहेत. रंग करडा-तपकिरी, कडा झिजलेल्या, काहींना जळून भोकं पडलेली. 'जगातली सर्वांत जुनी पादत्राणं' अशी त्यांची ओळख करून देतात. थेट काळ मोजलेल्या पादत्राणांपुरती ती रास्तही आहे. माझ्या मते मात्र वय हा या वहाणांचा दुय्यम गुण. पाहायची ती त्यांची वीण.

आधी माल पाहू. ऑरेगनच्या पूर्व भागातल्या कोरड्या माळावर सेजब्रशची झुडपं मैलोगणती पसरलेली असतात. देवाला वाहतो त्या आपल्या दवण्याच्याच कुळातलं हे झुडूप, तसंच उग्र वासाचं. त्याच्या खोडावरची साल लांब पट्ट्यांनी सुटते. ती चुरून, मऊ करून तिचे दोर वळले. असे पाच जाड दोर टाचेपासून चवड्यापर्यंत उभे ठेवले, हा ताणा. बाण्याला दोन दोन पदर घेतले: एक दोराच्या पुढून, दुसरा मागून, मग दोघांना पीळ, मग पुढचा दोर. टाचेकडून सुरुवात करून ओळीवर ओळ घट्ट बसवत विणणारी व्यक्ती पुढे सरकते आणि दाट, सपाट तळ तयार होतो. इथवरचं काम चटई विणणारा कोणीही कसबी माणूस करील.

खरी कला दिसते ती बोटांपाशी. दोर तिथे गाठी मारून, टोकं कापून संपवता आले असते. विणणाऱ्याने तसं केलं नाही. प्रत्येक जाड दोर उलगडून त्याचे बारीक पदर केले, ते बोटांवरून टाचेच्या दिशेने मागे वळवले आणि त्यांनाच पुन्हा ताणा मानून वरची झाप विणली. ही वीण विरळ, ओळी-ओळींत अंतर सोडलेली. म्हणजे तळ आणि झाप यांच्यामध्ये सांधा नाही, टाका नाही. पायताण पहिल्यांदा उसवतं ते चवड्यापाशी, आणि नेमकं तिथेच उसवायला काही ठेवलेलं नाही. दगडांवर घासणारा तळ दाट. पाऊल टाकताना वाकणारी झाप मोकळी. एकाच सालीतून, हात न थांबवता दोन स्वभावांची कापडं उतरली आहेत. मागे टाचेला आधार नाहीच. तळाच्या एका कडेतून निघालेला बंद घोट्याभोवती फिरून दुसऱ्या कडेखाली अडकवला की झालं.

अनावश्यक असं या वहाणेत काही नाही, आणि तरीही ती सुंदर आहे. तिला वेगळी नक्षी नाही. बाण्याच्या पिळांची तिरपी रेघ ओळीओळीतून सरकत जाते, तीच तिची नक्षी. मला तिच्यात सर्वांत जास्त भावतो तो हा संयम.

१९३८ साली मानवशास्त्रज्ञ ल्यूथर क्रेसमन यांनी ऑरेगनमधल्या फोर्ट रॉक इथल्या गुहेत खोदकाम केलं, तेव्हा अशा वहाणा डझनांनी निघाल्या. हिमयुगात तिथे मोठं सरोवर होतं. आज ते पात्र कोरडं आहे. वहाणांच्या वर ज्वालामुखीच्या राखेचा थर होता. ही राख माझामा पर्वताची. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तो फुटला, आत कोसळला, आणि त्या खड्ड्यात साचलेलं पाणी म्हणजे आजचं क्रेटर लेक. तिथल्या मूळ रहिवासी क्लॅमथ लोकांच्या परंपरेत ही हकीकत पाताळातल्या लाओ आणि आकाशातल्या स्केल यांच्या युद्धाची म्हणून सांगितली जाते. वहाणा राखेखाली, म्हणजे त्या स्फोटाआधीच्या, हे क्रेसमन यांचं म्हणणं सरळ होतं. पण त्या मुलखात माणूस इतका जुना असेल हे तेव्हाच्या अनेक अभ्यासकांना पटेना. १९५१ मध्ये नव्यानेच आलेल्या रेडिओकार्बन पद्धतीने सालीचं वय सुमारे नऊ हजार वर्षं दाखवलं आणि वादाची धार गेली. पुढच्या, अधिक नेमक्या मोजण्यांनी काही वहाणा दहा हजार वर्षांपलीकडे नेल्या. क्रेसमन यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातही वहाण आणि गुहा यांनाच जागा दिली, यात मला त्यांची जाण दिसते.

हीच घडण ऑरेगनमधल्याच कुगर माउंटन आणि कॅटलो या गुहांतही सापडली. तेच मागे वळलेले पदर, तीच विरळ झाप. शेकडो वर्षं आणि दूरदूरच्या वस्त्यांमध्ये ती टिकली, याचा अर्थ कोणीतरी कोणालातरी शेजारी बसवून ती शिकवत होतं. मोठ्या पावलांच्या वहाणांबरोबर लहान मुलांच्याही आहेत. पोराच्या वाढत्या पायासाठी तीच मेहनत पुन्हा पुन्हा घेणारी ही माणसं होती. त्यांना 'आदिमानव' म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय या वहाणा म्हणजे इथल्या मानवी वावराची सुरुवातसुद्धा नव्हे. ऑरेगनच्याच दक्षिण भागातल्या पेझ्ली गुहांत पुरातत्त्वज्ञ डेनिस जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाची वाळलेली विष्ठा मिळाली. तिच्यातल्या डीएनएवरून आणि वयावरून तिथला मानवी वावर १४,००० वर्षांहून मागे गेला. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे फोर्ट रॉकची वहाण विणली गेली तेव्हा या मुलखात माणसाचा वावर सुरू होऊन चारएक हजार वर्षं लोटली होती. चवड्यापाशी हात इतका निःशंक वळतो, त्यामागे केवढा काळ असू शकतो याचा अंदाज इथे येतो. पहिल्या कोण्या वहाणेत तो अडखळला असेल. ती वहाण मातीत मिसळून गेली. कोरड्या गुहेने आपल्यासाठी राखलं ते मुरलेलं काम.

पोर्टलंडच्या आसपास आज पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात, आणि क्रेटर लेकची सहल त्यांच्याकडे ठरलेली असते. जाता-येता यूजीनला थांबा, संग्रहालयात जा, मुलांनाही न्या. काचेपाशी उभे राहिलात की वयाची पाटी नंतर वाचा. आधी वहाणेच्या पुढच्या टोकाकडे बघा आणि पाच दोरांचे पदर कुठून मागे वळले ते शोधा.